तळं हिरवंगार, पण टेस्टमध्ये फॉस्फेट शून्य! किट खराब आहे का?

शेवाळग्रस्त:

नमस्कार मंडळी. एका तळ्याबद्दल विचारायचंय, जाणकारांनी जरा उजेड पाडावा. गोड्या पाण्याचं तळं आहे, मधे खोली साधारण सहा मीटर, काठाला उथळ. आम्ही काहीजण मिळून अधूनमधून त्याचं पाणी तपासतो, म्हणजे प्रयोगशाळा वगैरे नाही, बाटलीत थेंब टाकून कार्डावरचा रंग जुळवायचा असतो ना, तसलं किट आहे. तर ऊन वाढलं की पाणी हिरवं व्हायला लागतं, वारा जिकडे ढकलेल त्या काठाला जाड तवंग साचतो आणि असला वास सुटतो की विचारू नका. आणि नेमकं त्याच वेळी किटवर फॉस्फेट शून्य, नायट्रेट पण शून्य! थंडीत पाणी त्यातल्या त्यात बरं असतं तेव्हा मात्र दोन्हीचा थोडाथोडा रंग येतो. मला तर हे सगळं उलटंच वाटतंय. पोषकद्रव्यंच नाहीत तर हे शेवाळ वाढतंय कशावर?

दुसरं म्हणजे आधी यात सांडपाणी यायचं, ते चार वर्षांपूर्वी वळवलंय, आता पावसाचं सोडलं तर बाहेरून काही येत नाही. तेव्हा सगळ्यांना वाटलेलं की वर्षा-दोन वर्षांत पाणी निवळेल. कसलं काय. आता कुणी म्हणतं कारंजी लावा, कुणी म्हणतं बॅक्टेरियाचं कल्चर ओता, कुणी म्हणतं गवत खाणारे मासे सोडा, आणि एकजण तर ठासून सांगतोय की सगळा दोष नायट्रोजनचा आहे, फॉस्फरसचं नाव उगाच घेतात. खर्च करायच्या आधी नक्की काय चाललंय ते कळलं तर बरं.


सेक्कीवाला:

किट ठीकच असेल हो. ते मोजतं फक्त पाण्यात सुटा विरघळलेला फॉस्फेट (म्हणजे फॉस्फरसचं ऑक्सिजनशी जोडलेलं रूप), आणि शेवाळ फुललेल्या पाण्यात सुटा फॉस्फेट उरतच नाही, तो सगळा पेशींच्या आत गेलेला असतो. गाडी भरून सुटली की फलाट रिकामा दिसतो, त्यावरून प्रवासीच नव्हते असं आपण म्हणत नाही. तुम्हाला जो हिरवा रंग दिसतोय तोच तुमचा फॉस्फरस आहे. थंडीत शेवाळ मंदावतं, वापरणारं कमी असतं म्हणून थोडा सुटा शिल्लक राहतो आणि किटला रंग येतो. तुमची दोन्ही निरीक्षणं एकमेकांशी अगदी जुळतायत.

हे उचलणं किती झटपट चालतं ते बघा. १९५० च्या दशकात रिगलर नावाच्या शास्त्रज्ञाने कॅनडातल्या तळ्यांच्या पाण्यात किरणोत्सारी फॉस्फरस-३२ टाकून मोजलं होतं, तर उन्हाळ्यात विरघळलेला फॉस्फेट काही मिनिटांत सूक्ष्मजीवांच्या आत जातो आणि जवळपास त्याच वेगाने परत बाहेर पण येतो असं दिसलं. म्हणजे पाण्यातला आकडा शून्याजवळ आणि उलाढाल मात्र प्रचंड. शिवाय बऱ्याच जातींची शेवाळं गरजेपेक्षा जास्त फॉस्फरस उचलून पॉलिफॉस्फेटच्या रूपात आत साठवून ठेवतात, मग बाहेर काही मिळालं नाही तरी त्या साठ्यावर पुढच्या दोन-चार पिढ्या निघतात.

आता किटची मर्यादा पण समजून घ्या, कारण इथे खूप लोक फसतात. अशा बऱ्याच किटमध्ये शून्यानंतरची पहिली पायरी लिटरला ०.२५ मिलिग्रॅम असते, आणि ते फॉस्फेटचं वजन असतं, फॉस्फरसचं नाही. १ मिलिग्रॅम फॉस्फरस म्हणजे साधारण ३.०७ मिलिग्रॅम फॉस्फेट, म्हणून तुमची ती पहिली पायरी फॉस्फरसमध्ये ८२ मायक्रोग्रॅम झाली. तळ्यांच्या अभ्यासात काय धरतात? ओईसीडीने (श्रीमंत देशांची आर्थिक सहकार्य संघटना) १९८२ मध्ये जी वर्गवारी दिली त्यात वर्षाची सरासरी एकूण फॉस्फरस लिटरला १० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर तळं पोषणाच्या दृष्टीने गरीब, १० ते ३५ मध्यम, ३५ ते १०० श्रीमंत आणि १०० च्या वर म्हणजे अतिश्रीमंत. तुमचं किट जागं व्हायच्या आधीच तळं श्रीमंतांत जाऊन बसलेलं असतं!

तर तुम्हाला हवाय तो एकूण फॉस्फरस. त्यासाठी पाणी न गाळता परसल्फेट घालून तापवतात, पेशीबिशी सगळं फुटून फॉस्फेट सुटा होतो आणि मग मॉलिब्डेटचा निळा रंग मोजतात. हे घरी होण्यासारखं नाही, लॅबलाच द्यावं लागेल.

आणि थोड्याशा फॉस्फरसने इतकं काय होतं असं वाटत असेल तर हा हिशोब. प्लवकांच्या, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म जीवांच्या, शरीरात कार्बन, नायट्रोजन आणि फॉस्फरस यांचं अणूंमधलं प्रमाण सरासरी १०६:१६:१ असतं, रेडफिल्डचं प्रमाण म्हणतात त्याला. रेडफिल्डने ते समुद्राच्या पाण्यावरून काढलं, तळ्यात ते बरंच हलतं, पण अंदाजाला चालतं. वजनात बघितलं तर १ ग्रॅम फॉस्फरसमागे ७ ग्रॅम नायट्रोजन, ४१ ग्रॅम कार्बन, म्हणजे सुकं शेवाळ शंभरेक ग्रॅम. ते मेल्यावर कुजायला सुमारे १४० ग्रॅम ऑक्सिजन लागतो. १ किलो फॉस्फरसचं शेवाळ पूर्ण कुजलं तर २५ अंशाच्या जवळपास १७ हजार घनमीटर पाण्यातला सगळा ऑक्सिजन खलास.

तुमच्याकडून दोन गोष्टी हव्यात. एक, २० सेंटिमीटरची काळी-पांढरी चकती दोरीने सोडून ती कुठे दिसेनाशी होते ते मोजा. दुसरं, तळाजवळचं पाणी काढून त्याचा वास आणि जमलं तर ऑक्सिजन बघा.


नुसताच वाचक:

वाचतोय, धागा भारी चाललाय. फॉस्फेट आणि फॉस्फरसच्या त्या तीनपटीवर दोन रिपोर्ट शेजारी ठेवून तावातावाने भांडणारी माणसं पाहिलीयत. दोघांचे आकडे बरोबर असतात, एकक कुणी वाचत नाही.


गाळात पाय:

सेक्कीवाल्यांनी पाण्याचं सांगितलं, मी खालचं सांगतो, कारण चार वर्षं सांडपाणी बंद असून फरक नाही याचं उत्तर माझ्या मते गाळात आहे.

नायट्रोजनला तळ्यातून बाहेर पडायला हवेचा रस्ता आहे. ऑक्सिजन नसलेल्या जागी बॅक्टेरिया नायट्रेटचा वायू करून सोडून देतात. फॉस्फरसला तसा रस्ताच नाही. तो एकतर सांडव्यावरून वाहून जाणार, नाहीतर गाळात बसणार. इतकी वर्षं सांडपाण्यातून जे आलं त्यातलं बरंचसं अजून तिथेच आहे. अंदाज बघा, आकडे ढोबळ आहेत पण श्रीमंत तळ्यांत असेच असतात: वरचा १० सेंटिमीटर गाळ धरला तर एका हेक्टरला १००० घनमीटर होतो, पोचट गाळात सुका भाग साधारण २०० टन, आणि ग्रॅमला १ मिलिग्रॅम फॉस्फरस धरला तर २०० किलो. त्याच्यावर उभं असलेलं सहा मीटर पाणी लिटरला १०० मायक्रोग्रॅमचं जरी असलं तरी त्यात सगळा मिळून ६ किलो! खाली दोनशे, वर सहा.

हा साठा नुसता पडून राहिला असता तर काही बिघडलं नसतं. गाळाच्या पृष्ठभागावर ऑक्सिजन असतो तोवर लोह गंजलेल्या, म्हणजे फेरिक रूपात असतं आणि ते फॉस्फेटला घट्ट धरून ठेवतं. पण उन्हाळ्यात वरचं पाणी तापून हलकं होतं, खालचं थंड आणि जड राहतं, दोन थर पडतात आणि खालच्या थराला हवा मिळणं बंद होतं. वरून मेलेलं शेवाळ पडतच असतं, ते कुजताना खालचा ऑक्सिजन संपतो, मग फेरिकचं फेरस होऊन विरघळतं आणि धरलेला फॉस्फेट सुटतो. क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या तळ्यांवर काम करून १९४१-४२ मध्ये हे नीट मांडलं. त्यात आणखी एक भानगड अशी की तळाशी सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड तयार होत असेल तर ते लोहाला काळ्या सल्फाइडमध्ये बांधून टाकतं, मग पुढे ऑक्सिजन आला तरी फॉस्फेट धरायला पुरेसं लोह मोकळं नसतं. सडक्या अंड्याचा वास आला तर हेच चाललंय समजा.

वेग किती? ऑक्सिजन संपलेला श्रीमंत गाळ दिवसाला चौरस मीटरमागे १० मिलिग्रॅम फॉस्फरस सहज सोडतो, कधीकधी त्याहून बराच जास्त. १० जरी धरला तरी हेक्टरला दिवसाला १०० ग्रॅम, दोन महिन्यांत ६ किलो. म्हणजे वर जो सगळ्या पाण्यातला साठा काढला तेवढाच गाळाने एका उन्हाळ्यात पुरवला, बाहेरून थेंबही न येता.

सहा मीटर ही तर मला सगळ्यात त्रासदायक खोली वाटते. खूप खोल तळ्यात थर महिनोन्महिने टिकतो, सुटलेला फॉस्फेट निदान खाली अडकून तरी राहतो. सहा मीटरला काय होतं की वारा पडला, ऊन तापलं की आठवड्याभरात थर पडतो, खाली ऑक्सिजन संपतो, फॉस्फेट सुटतो, आणि मग एक वादळी दिवस आला की सगळं ढवळून वर. परत शांतता, परत तेच. आणि पाणी कोमट असेल तर एका अंशाच्या फरकाने घनतेत जो फरक पडतो तो थंड पाण्यापेक्षा कित्येक पट जास्त असतो, त्यामुळे तापलेल्या तळ्यात दोन-तीन अंशांच्या फरकावर पण थर टिकतो.

तुमच्यासारखं होणं नवीन नाहीये. अमेरिकेत मिनेसोटात शागावा नावाचं तळं आहे, तिथे १९७३ पासून सांडपाण्यातला फॉस्फरस काढायला सुरुवात केली, सगळ्यांना वाटलं आता झपाट्याने सुधारेल, पण उन्हाळ्यात गाळ सोडतच राहिला आणि वर्षानुवर्षं पाणी हिरवंच. २००५ मध्ये जेपसेन वगैरे मंडळींनी बाहेरचा फॉस्फरस कमी केलेल्या ३५ तळ्यांचा आढावा घेतला होता, त्यात नवीन संतुलन यायला फॉस्फरसच्या बाबतीत साधारण १० ते १५ वर्षं लागतात असं निघालं. तुमची चारच झालीयत.


शेवाळग्रस्त:

बापरे, एवढं सविस्तर! दोघांचेही आभार. सांगितलं तसं केलं. चकती ४० सेंटिमीटरला दिसेनाशी झाली. तळाचं पाणी दोरीला बाटली बांधून बूच खाली ओढून काढलं, रंगाला वरच्यापेक्षा स्वच्छ पण सडक्या अंड्याचा वास अगदी स्पष्ट. ऑक्सिजनचं मीटर उसनं मिळालं होतं: वर दुपारी लिटरला १३ मिलिग्रॅम, साडेचार मीटरच्या खाली ०.३. पीएच वर दुपारी ९.४ आला, हे मात्र झेपलं नाही, पीएच वाढवणारं कुणी काही टाकत नाही. आणि मधूनमधून पहाटे मासे मेलेले दिसतात. वर १३ ऑक्सिजन असताना मासे का मरावेत?


पहाटेचा मासा:

१३ दुपारचा आहे ना? तोच मीटर पहाटे पाचला बुडवा. दिवसा शेवाळ ऑक्सिजन सोडतं, रात्री तेच शेवाळ, बॅक्टेरिया, मासे सगळे मिळून श्वसन करतात, आणि २५ अंशाला पाणी हवेशी संतुलनात असेल तर जेमतेम ८.३ मिलिग्रॅम धरतं, तुमच्या १३ मधला वरचा भाग तसाही हवेत निघून जातो. जितकं शेवाळ जास्त तितकी दुपार उंच आणि पहाट खोल. दोन दिवस ढगाळ गेले किंवा शेवाळ एकदम मेलं की पहाटेचा आकडा १-२ वर येतो आणि मग मासे वर येऊन तोंडं उघडझाप करायला लागतात.

पीएचचं पण तेच मूळ. प्रकाशसंश्लेषणात शेवाळ पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतं, तो पाण्यात आम्लासारखा वागत असतो, तो गेला की पीएच वर चढतो. बाहेरून कुणी काही टाकायची गरजच नाही. पण ९.४ चा खरा धोका अमोनियाचा. पाण्यात अमोनियम आयन असतो तो फारसा त्रास देत नाही, विष असतो तो आयन नसलेला अमोनिया. २५ अंशाला पीएच ९.२५ वर दोघं निम्मे निम्मे असतात. पीएच ७.५ ला एकूणातला २ टक्क्यांच्या आत विषारी रूपात असतो, ९.४ ला साठच्या आसपास. तेव्हा एकूण अमोनियाचा आकडा तोच राहून दुपारी मासे मरू शकतात. तुमचे पहाटे मरतायत म्हणजे बहुतेक ऑक्सिजनच, तरी किटमध्ये अमोनिया असेल तर बघून ठेवा.

अजून एक, वाढलेला पीएच उथळ भागातल्या गाळातल्या लोहावरून पण फॉस्फेट सोडवतो, हायड्रॉक्साइड आयन त्याची जागा घेतात. म्हणजे काठाला भरपूर ऑक्सिजन असला तरी गळती चालूच. शेवाळ स्वतःचं खाणं स्वतःच काढून घेतंय म्हणा ना.


सेक्कीवाला:

४० सेंटिमीटर? कार्लसनने १९७७ मध्ये तळ्यांचा पोषणस्थिती निर्देशांक काढला, त्याच्या सूत्रात हा आकडा टाकला तर निर्देशांक ७३ च्या आसपास येतो आणि तो एकूण फॉस्फरसच्या लिटरला सुमारे १२० मायक्रोग्रॅमशी जुळतो. अर्थात गढूळपणा सगळा शेवाळाचाच आहे असं धरून, मातीचा असेल तर हिशोब बिघडतो. तुमच्या किटचं शून्य आणि हे १२० एकाच पाण्यातले आहेत बघा!

अवांतर: ही चकती आंजेलो सेक्की या इटालियन पाद्री-खगोलशास्त्रज्ञाची, १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात वापरली होती. दोरी आणि ताटली, दीडशे वर्षं झाली तरी एवढ्या स्वस्तात एवढं सांगणारं दुसरं उपकरण नाही.


नत्रवादी:

तो "ठासून सांगणारा" मी नव्हे, पण त्याची बाजू घेतो, कारण इथे सगळे फॉस्फरस फॉस्फरस करतायत. धागाकर्त्याच्या तळ्यात नायट्रेट पण शून्य आहे. गाळ फॉस्फेट ओततोय आणि त्याच तळाशी बॅक्टेरिया नायट्रेट वायू करून उडवतायत, म्हणजे भर उन्हाळ्यात कमतरता नत्राचीच असणार. अशा पाण्याच्या बाटलीत नायट्रोजन टाकला तर शेवाळ वाढतं, फॉस्फरस टाकला तर ढिम्म, हे कितीतरी तळ्यांवर दाखवलंय. आणि मायक्रोसिस्टिसला (तवंग करणारं, विष बनवणारं निळं-हिरवं शेवाळ) हवेतला नायट्रोजन पकडता येत नाही, त्याला तो पाण्यातूनच लागतो. त्याच्या विषाच्या एका रेणूत नायट्रोजनचे १० अणू असतात. ईरी सरोवरात ऑगस्ट २०१४ मध्ये अमेरिकेतल्या टोलेडो शहराचं पाणी याच विषामुळे बंद ठेवावं लागलं, चार-पाच लाख लोकांना नळाचं पाणी पिऊ नका सांगितलं होतं, उकळून पण नाही कारण उकळल्याने ते विष जात नाही. नत्र सोडून चालणार नाही.


सेक्कीवाला:

बाटलीतल्या प्रयोगाबद्दल सहमत, पण बाटली दोन-चार दिवस चालते आणि तळं वर्षानुवर्षं. म्हणूनच कॅनडात ओंटारियोमधल्या प्रायोगिक तळ्यांवर अख्ख्या तळ्यांतच खत टाकून बघितलं. २२६ नंबरचं तळं मधे पडदा लावून दोन भागांत तोडलं, १९७३ मध्ये दोन्हीकडे कार्बन आणि नायट्रोजन टाकला, फॉस्फरस फक्त एकीकडे. त्या बाजूचं पाणी हिरवं झालं, दुसरीकडचं साफ. वरून घेतलेला तो फोटो बघितला नसेल तर शोधा, एका फोटोने डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवर बंदी घालायची का हा वाद जितका पुढे नेला तितका शंभर तक्त्यांनी नेला नसता. शेजारच्या २२७ मध्ये तर १९६९ पासून खत टाकतायत, नायट्रोजन हळूहळू कमी करत १९९० पासून पूर्ण बंद केला, नुसता फॉस्फरस. शिंडलर आणि सहकाऱ्यांचा २००८ चा निष्कर्ष असा की तळं तरीही हिरवंच राहिलं, कारण नायट्रोजन पकडणाऱ्या जाती वाढल्या आणि त्यांनी हवेतून तूट भरून काढली.

म्हणजे नायट्रोजन कमी पडतोय हे खरं असू शकतं, पण तो काढून तळं सुधारेल हे त्यातून निघत नाही. त्याचा पुरवठा हवेत आहे, फॉस्फरसचा नाही.


नत्रवादी:

"भरून काढली" हे जरा जास्त होतंय. पकडलेला नायट्रोजन पूर्ण तूट भरत नाही असं म्हणणारे पण बरेच आहेत, आणि २२७ हे पाच हेक्टरचं छोटं तळं, त्यावरून प्रत्येक सरोवराचा नियम काढायचा का? वारा, ढवळण, प्रकाश, सगळंच वेगळं. माझं म्हणणं एवढंच की जिथे विषारी मायक्रोसिस्टिस आहे तिथे दोन्ही कमी करा. फॉस्फरस आधी, ठीक आहे, मान्य.


गाळात पाय:

दोघांचं जवळपास एकमत होतंय म्हणायचं! धागाकर्त्याच्या तळ्यात नायट्रोजन अडवायला बाहेरून काही येतच नाहीये, तेव्हा हा वाद इथे तरी बाजूला ठेवू आणि उपायांवर येऊ.

बॅक्टेरियाचं कल्चर: पैसे पाण्यात. अक्षरशः. तळ्यात बॅक्टेरियाची टंचाई कधीच नव्हती, आणि फॉस्फरस हे मूलद्रव्य आहे, कुणीही ते "खाऊन संपवू" शकत नाही, फार तर एका शरीरातून दुसऱ्यात जाईल. विकणाऱ्याला विचारा की तळ्यातल्या एकूण फॉस्फरसचं वजन आधी किती होतं आणि नंतर किती झालं, आणि उरलेला कुठे गेला.

गवत खाणारे मासे: अजिबात नको. ते मुळं असलेल्या पाणवनस्पती खातात, हे सूक्ष्म शेवाळ नाही, आणि खाल्लेल्यातला बराच फॉस्फरस विष्ठेतून परत पाण्यात. उथळ काठाला ज्या काही पाणवनस्पती उरल्या असतील त्याच तर तुमचा गाळ धरून ठेवतायत आणि प्राणिप्लवकांना लपायला जागा देतायत. उथळ पाण्याच्या दोन स्थिती असतात, वनस्पतींची स्वच्छ आणि शेवाळाची गढूळ, आणि दोन्ही आपापल्या जागी चिवट असतात, शेफर वगैरे लोकांनी १९९३ मध्ये हे छान मांडलंय. एकदा गढूळात घसरलं की परत यायला फॉस्फरस घसरताना होता त्याच्याही बराच खाली न्यावा लागतो. काठावरचं गवत बिलकूल काढू नका.

कारंजी: वरचं मीटर-दीड मीटर पाणी उडवतात, दिसतात छान, पहाटे माशांना थोडा आसरा मिळतो. तळाला त्याचं काही पोचत नाही. तळाशी बुडबुड्यांच्या नळ्या टाकून पूर्ण ढवळलं तर थर पडत नाही, पण यंत्रणा कमी ताकदीची असली तर सगळ्यात वाईट: खालचा फॉस्फेट वर आणून देणार आणि ऑक्सिजन तळाला पुरणार पण नाही. शिवाय तुमच्याकडे सल्फाइड आहे, म्हणजे लोह बहुतेक अडकलेलं आहे, नुसत्या ऑक्सिजनने फॉस्फेट धरला जाईलच याची खात्री नाही.

मोरचूद कुणी सुचवलं तर हात जोडा. शेवाळ मरतं, पेशी फुटून आतलं विष आणि फॉस्फरस दोन्ही पाण्यात, कुजताना ऑक्सिजन खलास, तांबं गाळात कायमचं.

मग उरतं काय? गाळातला फॉस्फेट अशा गोष्टीने बांधायचा जी ऑक्सिजन गेल्यावरही सोडत नाही. अ‍ॅल्युमिनियम तसं आहे. अ‍ॅल्युमिनियम सल्फेट, तुरटीच्याच घरातलं, पाण्यात टाकलं की कापसासारखा साका होऊन खाली बसतो आणि गाळावर पांघरूण होतं. ११४ तळ्यांच्या एका आढाव्यात (२०१६ चा) असर सरासरी ११ वर्षं टिकलेला दिसला, थर टिकून राहणाऱ्या तळ्यांत २१ च्या आसपास आणि वारंवार ढवळणाऱ्या उथळ तळ्यांत ५-६ वर्षं. तुमचं दुसऱ्या गटाकडे झुकणारं आहे हे लक्षात ठेवा. पण हे स्वतः पोती ओतून करायचं काम नव्हे! पाण्याची आम्ल पचवायची क्षमता कमी असेल तर पीएच धाडकन पडतो आणि ६ च्या खाली अ‍ॅल्युमिनियम माशांना विष. उलट तुमच्या ९.४ ला साका नीट बसणारच नाही, विरघळून राहील. म्हणून शेवाळ नसताना, पीएच खाली असताना, आधी अल्कलिनिटी (तीच आम्ल पचवायची क्षमता) मोजून, जाणत्या माणसाच्या हाताखाली. लँथेनम हा फॉस्फेट बांधणारा धातू घातलेली चिकणमाती हा दुसरा पर्याय, पीएचला सोयीची पण महाग.

गाळ उपसणं सगळ्यात पक्कं. स्वीडनमधलं ट्रुमेन तळं १९७० आणि ७१ मध्ये वरचा गाळ शोषून काढून सुधारलं. खर्च मात्र प्रचंड, आणि काढलेला गाळ ठेवायचा कुठे हा प्रश्न वेगळाच.


पहाटेचा मासा:

वॉशिंग्टन सरोवराचं पण कुणीतरी लिहा, नाहीतर धागाकर्ते पार निराश होतील. सिएटलजवळ आहे, दिवसाला साडेसात कोटी लिटर प्रक्रिया केलेलं सांडपाणी पडायचं, १९६३ ते ६८ मध्ये ते टप्प्याटप्प्याने वळवलं आणि मीटरभरच दिसणारी सेक्की चकती ७० च्या दशकाच्या सुरुवातीलाच ३ मीटरच्या आसपास दिसायला लागली. तिथे औषध नाही, उपसा नाही. पण ते ६५ मीटर खोल, दोन-तीन वर्षांत पाणी बदलणारं, आणि तळाशी ऑक्सिजन टिकून होता. पुढे १९७६ ला डाफ्निया वाढले, शेवाळ खाणारे ते पाणपिसू, आणि पारदर्शकता आणखी दुपटीवर गेली. तुमच्या तळ्यात दरवर्षी किती पाणी नवीन येतं आणि सांडव्यावरून किती जातं हे माहीत आहे का? त्यावर खूप अवलंबून आहे. डाफ्नियाच्या भरवशावर मात्र राहू नका, कोमट पाण्यात आणि बारक्या माशांच्या गर्दीत मोठे डाफ्निया टिकत नाहीत.


शेवाळग्रस्त:

सांडवा वर्षातून थोडाच काळ वाहतो, म्हणजे पाणी बदलत नाही फारसं. आता कळतंय. कल्चरवाल्याला नाही सांगतो, कारंजी पण थांबवतो. आधी वरच्या आणि तळाच्या पाण्याचा एकूण फॉस्फरस लॅबमधून काढून घेतो, जमलं तर गाळाचा पण. नमुना घेताना काय काळजी घ्यायची?


सेक्कीवाला:

बाटली फॉस्फेट असलेल्या साबणाने धुऊ नका, नाहीतर साबणच मोजून येईल. शक्यतो लॅबकडूनच आम्लाने धुतलेल्या बाटल्या मागवा. एकूण फॉस्फरसचा नमुना गाळायचा नाही, पण विरघळलेला पण हवा असेल तर त्याची वेगळी बाटली, जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढून. तळाचं पाणी फिल्टर करायला उशीर लावू नका, हवा लागली की त्यातलं फेरस लोह गंजतं आणि फॉस्फेट ओढून खाली बसतं, आकडा खोटा कमी येतो. तवंगातलं पाणी भरू नका, अर्धा मीटर खालून घ्या, आणि हातमोजे घाला, तवंगात विष असू शकतं. बर्फात ठेवून अंधारात त्याच दिवशी पोचवा. लोह आणि अल्कलिनिटी पण सोबतच करायला सांगा, वेगळी फेरी पडायला नको. आणि रिपोर्टवर एकक फॉस्फरसचं आहे की फॉस्फेटचं ते लिहून मागा.


नुसताच वाचक:

रिपोर्ट आला की इथेच टाका, लोहाचा आकडा बघायची उत्सुकता आहे. लोह वजनात फॉस्फरसच्या पंधरापटीच्या वर असलं तर ऑक्सिजनवाला उपाय अगदीच बाद होत नाही, असं वाचल्याचं आठवतंय, गाळात पाय काय म्हणतात?


गाळात पाय:

हो, पण ते गाळातलं प्रमाण, पाण्यातलं नव्हे. म्हणून गाळाचा नमुना पण द्याच, वरचे १० सेंटिमीटर, दोन-तीन ठिकाणचे, त्यातला एक तरी सगळ्यात खोल जागेचा.